न केलेल्या सहलींचा हप्ता

नमस्कार श्रोतेहो.

पेट्रोल भरून होईपर्यंत एक गोड बोलणारा मुलगा कूपन पुढे करतो. नाव, मोबाइल नंबर, लग्न झालंय का, गाडी कुठली, एवढंच लिहायचं असतं. चार दिवसांनी फोन येतो. अभिनंदन सर, तीन दिवस-दोन रात्रींची सहल लागलीय तुम्हाला. शनिवारी संध्याकाळी अमुक हॉटेलात येऊन कूपन घेऊन जा. आणि मॅडमना बरोबर आणाच. हे ‘मॅडमना आणाच’ तेवढं लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी परत येणार आहे.

मी बँकेच्या कर्ज विभागात ३१ वर्षं काढली. दुसऱ्यांचे पगार, देणी, जामीनदार तपासत बसायचं हेच काम. तरी त्या शनिवारी हॉटेलातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात सहलींचं २५ वर्षांचं सदस्यत्व होतं आणि डोक्यावर चार वर्षांचं कर्ज. ज्याला टाइमशेअर म्हणतात, म्हणजे आधी पैसे भरून दर वर्षी काही दिवस कंपनीच्या रिसॉर्टात राहण्याचा हक्क, तेच हे. कंपनीचं नाव घेत नाही. मोठ्यानं गाणी लावलेली, एकेका टेबलावर एकेक कुटुंब, कुठल्या टेबलावर सही झाली की सगळ्या हॉलभर टाळ्या. शेवटी मॅनेजर येतो, छापील किंमत पेनानं खोडतो आणि सांगतो, हा भाव फक्त आजच्या रात्रीपुरता. दोन तास होऊन गेले होते, मुलगी भुकेनं कंटाळली होती. खरं सांगायचं तर मी सही केली ती घरी जायला मिळावं म्हणून.

पुढचं तुमच्यापैकी काही जणांना पाठ असेल. मे महिन्यात खोली मागितली की ‘फुल’. दिवाळीत मागितली की तुमचा मोसम लाल नाही, पांढरा आहे, म्हणजे गर्दीच्या दिवसांचा नाही, कमी मागणीचा. पहिल्या तीन वर्षांत आम्ही एकदा गेलो, लोणावळ्याला, सोमवार ते बुधवार, धो धो पावसात. वार्षिक देखभालीचं बिल मात्र जीएसटीसकट वेळेवर यायचं, आणि दर वर्षी थोडं फुगून यायचं.

आता कर्जाकडे येऊ. हिशोबासाठी असं धरा: सदस्यत्व ४,२०,००० रुपयांचं. ७०,००० रोख भरले, उरलेल्या ३,५०,००० चं कर्ज, व्याज वर्षाला १४ टक्के, मुदत ४८ महिने. हप्ता बसतो साधारण ९,५६४ रुपये. १४ हप्ते भरल्यावर तुमच्या खिशातून १,३४,००० च्या आसपास गेलेले असतात, पण मुद्दल फिटलेलं असतं फक्त ८३,००० च्या जवळपास. बाकीचं व्याज. अजून २,६७,००० मुद्दल शिल्लक. इथेच माणूस म्हणतो, इतके भरलेत, आता सोडून कसं चालेल? आणि वर देखभालीचं बिलही भरतो. भरलेले पैसे गेले, श्रोतेहो. सदस्यत्व ठेवलं म्हणून ते परत येत नाहीत.

मग सोडायचं कसं? आधी पासबुक काढा आणि हप्ता कुणाच्या नावानं वळता होतोय ते बघा. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांनी हे पाहिलेलंच नसतं. कधी सहलीच्या कंपनीनंच हप्ते पाडून दिलेले असतात. तिथे भरणं थांबवलं की बहुधा सदस्यत्व रद्द होतं आणि भरलेल्यातला मोठा भाग जप्त होतो. करारातलं रद्द करण्याचं कलम वाचा. पण बहुतेक वेळा तिथल्याच टेबलावर, टॅबवर ओटीपी घेऊन, एखाद्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं कर्ज काढलेलं असतं, नाहीतर तुमच्या क्रेडिट कार्डावरची रक्कम हप्त्यांत बदललेली असते. सहलीच्या कंपनीला तिचे पैसे कधीच पोचलेले असतात. तुमचं देणं आता तिसऱ्याचं आहे, आणि त्याला लोणावळ्याच्या पावसाशी काही घेणं नाही. ‘त्यांनी फसवलं म्हणून मी हप्ता बंद केला’ असं म्हणणारा माणूस भांडतो एकाशी आणि थकवतो दुसऱ्याचे.

सही होऊन आठवडा-दहा दिवसच झाले असतील, तर हा कार्यक्रम नंतर ऐका, आधी रद्द करण्याचा ईमेल पाठवा. युरोपीय संघात अशा करारातून बाहेर पडायला १४ दिवस मिळतात, अमेरिकेत फ्लोरिडात १०. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, पण बऱ्याच कंपन्या स्वतःच्या नियमांत काही दिवसांची मुदत ठेवतात. ती बारीक अक्षरात असते आणि त्या संध्याकाळी कुणी वाचून दाखवत नाही. ईमेल कंपनीला करा आणि कर्ज देणाऱ्यालाही, त्याच दिवशी. फोनवर ‘हो सर, करून टाकतो’ म्हणाले तर ते काहीच नाही.

मुदत उलटून गेली असेल, तर दोन गोष्टी वेगळ्या करा. सदस्यत्व लेखी सोडा, म्हणजे देखभालीचं बिल तरी चढणार नाही. आणि कर्जाचं स्वतंत्र बघा. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, मुदतीआधी फेडलं तर शुल्क किती, हे विचारा. १ ऑक्टोबर २०२४ नंतरचं कर्ज असेल तर केएफएस, म्हणजे ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ नावाचं कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक तुम्हाला मिळायला हवं होतं. खरा वार्षिक दर आणि सगळी शुल्कं त्यात असतात.

आणि ज्याची नोकरी गेली, घरात दुखणं निघालं, ज्याला खरंच झेपत नाही, त्यानं? मी जुना बँकवाला, मी सांगावं का, पण सांगतो. घराचा हप्ता, मुलांची फी, औषधं थांबवून सहलीचा हप्ता भरू नका. हे विनातारण कर्ज आहे, ते रांगेत शेवटी. फक्त काय होणार ते माहीत असू द्या. ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या वहीत बुडीतकडे झुकलेलं कर्ज. सिबिलचा आकडा, म्हणजे कर्ज फेडण्यातली तुमची पत दाखवणारा गुणांक, घसरतो. वसुलीवाल्यांचे फोन येतात, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांना वसुलीसाठी फोन करता येत नाही. कोर्टाच्या आदेशाशिवाय घरातली वस्तू उचलता येत नाही. हप्ता न भरणं हा स्वतः फौजदारी गुन्हा नाही. मात्र खात्यावरचा ऑटो-डेबिट पैसे नाहीत म्हणून परत गेला, तर त्यावर चेक बाउन्ससारखाच खटला होऊ शकतो. तशी मागणीची नोटीस आली की १५ दिवसांच्या आत पैसे भरायचे असतात. ती पाकिटं न उघडता टीव्हीमागे ठेवणारे लोक मी पाहिलेत. बँकेत जाऊन मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप वळता करायची तुम्ही दिलेली परवानगी, रद्द करता येतं. पण मँडेट रद्द झालं म्हणजे कर्ज रद्द झालं असं नाही.

आता ते ‘मॅडमना आणाच’. नवरा-बायको दोघं समोर असली की घरी विचारून सांगतो हा रस्ता बंद होतो, हे एक. दुसरं मला घरी आल्यावर कळलं. माझ्या बायकोची सही सहकर्जदार म्हणून घेतली होती. मी हप्ता बुडवला असता तर तिचंही सिबिल गेलं असतं, आणि दोन वर्षांनी मुलीचं शैक्षणिक कर्ज काढायचं होतं. म्हणून मी बुडवला नाही. मुदत ठेव मोडली, कर्ज फेडलं, सदस्यत्व सोडलं. हातात काही परत आलं नाही. मुदत ठेव मोडण्याचं दुःख बँकवाल्याला जरा जास्तच होतं, आणि त्यावर बायको काय म्हणाली ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

माझी एक चूक तुम्ही करू नका: मी तक्रार केली नाही. लाज वाटली. बँकेतला माणूस फसला हे कुठे सांगणार! खरं तर तोंडी दिलेली वचनं आणि कागदावरचा करार यांतली तफावत हा ग्राहक आयोगापुढे टिकणारा मुद्दा आहे, आणि सदस्यांना पैसे परत द्यायला लावणारे आदेश आयोगांनी दिलेले आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस चेन्नईत असो की गुरुग्रामला. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. कर्ज देणाऱ्यालाही पक्षकार करा आणि निकालापर्यंत वसुली थांबवावी असा अंतरिम अर्ज द्या. मिळेलच असं नाही, पण मागावा. सुरुवात १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरून करा. वसुलीच्या त्रासाबद्दल आधी कर्ज देणाऱ्याकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथेही फी नाही.

एक सावधगिरी. तुम्ही अडकलात हे कळलं की नवेच लोक फोन करतात: तुमचं सदस्यत्व आम्ही विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, आधी फक्त प्रोसेसिंगचे आणि जीएसटीचे पैसे भरा. त्यांच्याकडे तुमचा सदस्य क्रमांकही असतो. माझाही होता! फोन ठेवून द्या.

आणि तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवलंत, तर तुमच्या क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या कागदात, ‘सेटल्ड’ अशी नोंद पडते, आणि पुढचा बँकवाला त्या शब्दावर बोट ठेवतो. पूर्ण फेडलं तर ‘क्लोज्ड’. झेपत नसेल तर सेटल्डही चालेल, पण आकडा लेखी आल्याशिवाय एक रुपया भरू नका. आता काही देणं उरलं नाही असं ना-देय पत्र घ्या. मग अहवाल मागवा. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर कळवा, ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. माझी नोंद ‘क्लोज्ड’ दिसायला दोन महिने लागले. बायकोची वेगळी तपासावी लागली, आणि तिच्या अहवालात तर ते कर्ज अजून चालूच दाखवत होते.

नमस्कार.