रायवळ तोडण्याआधी

इथे बसलेले बहुतेक जण बागायतदार आहेत. हापूस कसा पिकवावा हे तुम्हाला मी काय सांगणार? मला बोलायचंय ते गडग्याला, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाला, लागून उभ्या असलेल्या जुन्या रायवळ आंब्याबद्दल. फळ लहान, बाजारात भाव नाही, शिवाय कलमांवर सावली. म्हणून तो तोडला जातो. तुमची कोय कलमं रायवळच्याच कोयींवर बांधलेली आहेत, हे तेव्हा कुणाला आठवत नाही.

ककणेर, म्हणजे कवड्या धनेश, असल्याच झाडांच्या ढोलीत घरटं करतो. एवढी मोठी चोच असूनही त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, खोड कुजून झालेली पोकळीच लागते, आणि तशी पोकळी व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं. छाटून आटोक्यात ठेवलेल्या कलमात ती मिळणार कुठून? मादी आत शिरते, तोंड लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. नर वडाची, उंबराची, काजऱ्याची फळं आणून तिला भरवतो. हे चालतं साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत, म्हणजे ऐन तुमच्या हंगामात. आतल्या मादीची उडायची पिसंही त्याच काळात गळलेली असतात. तेव्हा झाड पाडलं तर ती आणि पिल्लं तर जातातच, पण भरवणारा नर मेला तरी आतल्यांचं कठीण होतं. सुखरूप राहिली, तर तीच ढोली पुढच्या वर्षीही वापरात येते. म्हणून माझं पहिलं मागणं एवढंच: तोडायचंच असेल तर आधी खोडाकडे वर बघा. जवळचा वड-उंबरही ठेवा. बांडगूळ मात्र खुशाल काढा. सगळंच राखा असं मी म्हणत नाही.

आता मोहोराकडे येऊ. आंब्याचं परागीकरण मोठ्या प्रमाणावर माश्या करतात. साध्या माश्या, फुलमाश्या, आणि जोडीला कोत्यांसारख्या छोट्या मधमाश्या. तुडतुड्यांसाठी फवारावं लागतं, मान्य. पण फुलं उमललेली असताना पंप चालवला की फळ धरायला मदत करणारेच आधी मरतात. पोपटी पालवीवर आणि मोहोर फुटताना तुडतुडे आवरा, फुलोऱ्यात हात आखडता घ्या.

काढणीला वैताग आणणारे हुमले, म्हणजे झाडावर पानांची घरटी करणाऱ्या लाल मुंग्या, याही शत्रू नाहीत. चीनमध्ये चौथ्या शतकातच लोक त्यांची घरटी विकत आणून संत्रावर्गीय झाडांवर सोडत. काजूवरच्या ढेकण्या किडीलाही ते आवरतात. त्यांची खोट एकच, ते पिठ्या ढेकूण या दुसऱ्या किडीला जपतात. त्यामुळे काजूवर ठेवा, हापूसवर नजर ठेवून ठरवा.

मघाशी कुणीतरी विचारलं, 'मग माकडंही वाढवायची का?' नाही. माकडं-वानरांचा त्रास खरा आहे, त्याची भरपाई आणि बंदोबस्त मागायलाच हवा. पण ढोली राखल्याने माकडं वाढत नाहीत.

राहिलं गवत. वणव्याच्या भीतीने आपण बाग चकाचक करून पाला जाळतो. त्यापेक्षा पाऊस संपल्यावर कडेने रुंद जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढा, पाला कलमांच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घाला, पण खोडाला टेकू देऊ नका. आणि गडग्यावरची झुडपं तेवढी पावसाळ्यात कापू नका.