एक लिटर म्हणजे एक लिटर : जुलाब आणि जलसंजीवनी

(दृश्य : पावसाळी सकाळ. स्वयंपाकघराचा ओटा. ओआरएसची पुडी, स्टीलचं पातेलं, एक लिटरची रिकामी बाटली, चमचा.)

पावसाचा पहिला महिना. विहिरीत गढूळ पाणी उतरतं, नळाच्या पाइपला गटाराजवळ कुठेतरी गळती लागलेली असते, आणि आठवड्याभरात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : पोट बिघडलंय. कुणी जुलाब म्हणतं, कुणी ढाळ, कुणी हगवण. बहुतेक घरांत हे दुखणं पाच-सात दिवसांत आपसूक बरं होतं. एखाद्या घरात मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मूल मलूल पडतं, डोळे खोल जातात, आणि रात्री गाडी शोधायची वेळ येते.

हे का होतं ते कळायचं, तर आतड्याचा रोजचा हिशेब बघायला हवा.

(दृश्य : साधं रेखाचित्र. तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंत निळी रेघ सरकते.)

दिवसभरात खाण्यापिण्यातून सुमारे २ लिटर पाणी पोटात जातं. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचा स्वतःचा स्राव मिळून त्यात आणखी ६ ते ७ लिटरची भर पडते. मोठ्या माणसाच्या आतड्यातून रोज असं आठ-नऊ लिटर पाणी फिरतं, आणि शौचावाटे बाहेर पडतं ते जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर. बाकी सगळं आतडं परत रक्तात ओढून घेतं. जंतूंचा संसर्ग झाला की हे ओढणं मंदावतं आणि आतून पाझरणारं पाणी वाढतं. हिशेब थोडासा जरी चुकला तरी लिटरांनी पाणी जातं. सोबत सोडियम जातं, पोटॅशियम जातं. सोडियम आणि पाणी गेलं की रक्त कमी पडतं, हातपाय गार होतात, लघवी थांबते. पोटॅशियम गेलं की अंग ढिलं पडतं, पोट फुगतं. दगावणारं मूल बहुतेक वेळा जंतूंनी दगावत नाही, या तुटीने दगावतं.

मग नुसतं पाणी पाजलं तर? ते नीट शोषलंच जात नाही, आणि जे शोषलं जातं त्याने रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. मीठ घातलेलं पाणी? एकट्या मिठाला आत घेणारी वाट आजारात बंद पडलेली असते. पण आतड्याच्या पेशींवर एक दार असं आहे, जे कॉलऱ्यातसुद्धा शाबूत राहतं. त्या दारातून ग्लुकोजचा एक कण आत शिरताना सोडियमचे दोन कण बरोबर नेतो, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जलसंजीवनीत, म्हणजे ओआरएसच्या पाण्यात, साखर आहे ती या दारासाठी. चवीसाठी नाही, ताकदीसाठीही नाही.

(दृश्य : जुन्या धाटणीचा नकाशा. कोलकात्याच्या ईशान्येला, सीमेलगत, बनगाव.)

१९७१. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये येत होते, आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं, सुया टोचायला प्रशिक्षित हातही पुरेनात. तिथे काम करणारे डॉ. दिलीप महालनाबीस यांनी साधं मिश्रण तयार करवलं : लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पुड्या भरल्या, पिंपांत द्रावण केलं, पिंपांना तोट्या लावल्या आणि पाजायचं काम रुग्णांच्या आईबापांवर, भावंडांवर सोपवलं. छावणीतल्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये डॉ. महालनाबीस गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. घरच्या माणसाच्या हातात चमचा दिला तर तो डॉक्टरइतकंच चांगलं पाजतो, ही त्या छावणीने दाखवलेली गोष्ट आजही तितकीच कामाची आहे.

(दृश्य : पुडीची मागची बाजू, अगदी जवळून.)

आता हातातली पुडी बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून सुधारलेलं सूत्र सांगितलं आहे : सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण साडेवीस ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. जुन्या सूत्रात मीठ आणि ग्लुकोज दोन्ही जास्त होतं. ते कमी केल्यावर जुलाबाचं प्रमाण आणि उलट्या घटल्या, सलाईन लावायची गरजही कमी पडली. पुडी घेताना हे आकडे मिळतात का ते पाहा, आणि किती पाण्यासाठी आहे तेही वाचा. दुकानात २०० मिलिलिटरच्या छोट्या पुड्याही मिळतात. मोठी पुडी छोटी समजून कालवली जाते, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

(दृश्य : दोन ग्लास. एकात अख्खी मोठी पुडी ओतली जाते. निवेदनाबरोबर ग्लासवर फुली उमटते.)

लिटरची पुडी एका ग्लासात घातली, तर द्रावण पाचपट दाट होतं. मूल ते पिऊन आणखी तहानेलं होतं, रक्तातलं सोडियम वाढतं, झटके येऊ शकतात. आणि दाट द्रावण आतड्यात गेलं की ते अंगातलंच पाणी आतड्यात खेचतं, म्हणजे जुलाब वाढतात. उलट पाणी जास्त झालं, तर द्रावण फिकं पडतं आणि गेलेलं मीठ भरून येत नाही. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असंही करू नका. भुकटीतले घटक पुडीत सारखे मिसळलेले असतीलच असं नाही, आणि उघडी पुडी ओल धरते.

माप कसं घ्यायचं? बाजारातल्या पाण्याची एक लिटरची बाटली प्रत्येक घरात असते. तीच वापरा. घरातला ग्लास २०० मिलिलिटरचा आहे असं आपण धरून चालतो, पण काही दीडशेचे असतात, काही अडीचशेचे. एकदा बाटलीने मोजून बघा आणि पातेल्याला लिटरच्या जागी खूण करून ठेवा.

पाणी आधी उकळा. बुडबुडे जोरात फुटू लागल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या, झाकून पूर्ण थंड करा. हात साबणाने धुवा. अख्खी पुडी घाला, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. पुडी घातल्यानंतर द्रावण पुन्हा उकळायचं नाही. वर साखर, ग्लुकोज पावडर, दूध किंवा सरबताचा अर्क काहीही घालायचं नाही. एक घोट स्वतः चाखा : अश्रूंइतकं खारट असावं. त्याहून खारट लागलं तर ओतून द्या आणि नव्याने करा. झाकून ठेवलेलं द्रावण २४ तास चालतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकायचं, ते कितीही उरलेलं असो.

पुडी हाताशी नसेल तर? एक लिटर पाणी, ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. छोटा चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा, औषधाच्या बाटलीसोबत येतो तसा. सपाट म्हणजे सुरीच्या पात्याने वरचा ढीग काढून टाकलेला. चिमटीने मीठ घालायची सवय इथे धोक्याची आहे, कारण प्रत्येकाची चिमूट वेगळी. या द्रावणात पोटॅशियम नसतं, म्हणून पुडी मिळाली की पुडीवर या. अंगणवाडीत, आशासेविकेकडे, उपकेंद्रावर ती मोफत मिळते.

(दृश्य : आजी नातवाला मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने पाजते. मागे भिंतीवर घड्याळ.)

किती पाजायचं? दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, मोठ्यांना मागतील तेवढं. पाणी कमी पडल्याची लक्षणं दिसू लागली असतील, म्हणजे मूल चिडचिडं, खूप तहानेलं, डोळे थोडे खोल गेलेले, तर दर किलो वजनाला ७५ मिलिलिटर, ४ तासांत. १० किलोच्या बाळाला पाऊण लिटर. आकडा मोठा वाटतो, पण दीड मिनिटाला एक छोटा चमचा या गतीने तो गाठला जातो. हे आरोग्यकेंद्रात, आशासेविकेच्या किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेलं बरं.

इथे धीर लागतो. मूल तहानेलं असतं, ग्लास तोंडाला लावला की गटागटा पितं, पोट ताणतं आणि सगळं बाहेर येतं. मग घरातले म्हणतात, याला ओआरएस पचत नाही. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, आणि पुन्हा सुरू करा, यावेळी दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. वाटी-चमचाच वापरा. दुधाची बाटली आणि तिचं बूच नीट धुतलं जात नाही, आणि बऱ्याचदा आजार तिथूनच आलेला असतो. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध एक वेळही थांबवू नका.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. पुडी संपली तरी शी पातळच होते, आणि आई निराश होऊन औषधाच्या दुकानात जाते. जुलाब आपल्या वेळेने, साधारण पाच-सात दिवसांत थांबतात. तोपर्यंत गेलेलं भरून काढणं, एवढंच ओआरएस करतं, आणि तेवढंच पुरतं.

(दृश्य : किराणा दुकानाचा फ्रिज. रंगीत बाटल्या, फळांच्या रसाचे डबे.)

दुकानात जाणारा भाऊ मात्र रंगीत डबा घेऊन येतो. कोला आणि बाजारी रसांत १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर असते. ओआरएसमध्ये १.३५ ग्रॅम. एवढ्या साखरेने आतड्यात पाणी खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. ओआरएससारखं नाव आणि चित्र लावलेली गोड पेयंही वर्षानुवर्षं विकली गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी डब्यावरचे आकडे वाचायची सवय ठेवा.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी थोडं. सौम्य जुलाबात जोडीला चालेल, ओआरएसऐवजी नाही. मीठ घातलेली तांदळाची पेज आणि मीठ घातलेलं पातळ ताक ही आपल्याकडची जुनी आणि खरोखर चांगली पेयं आहेत. गोड चहाने आतड्यात जाणारी साखर वाढते, तो बाजूला ठेवा.

पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवणं ही चूक पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. आतड्याचं अस्तर भरून येतं ते आत अन्न गेलं तरच. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, केळं, दही, कुस्करलेली पोळी, वर चमचाभर तेल किंवा तूप. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. बरं झाल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं.

(दृश्य : आशासेविका दारात. पिशवीतून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्यांची पट्टी काढते.)

सलाईन लावलं म्हणजे अंगात ताकद आली, असं बऱ्याच घरांत ठाम मत असतं. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजच्या बाटलीत एका भाकरीइतकीही ऊर्जा नसते. सलाईन ज्याला तोंडाने पिता येत नाही किंवा ज्याचं पाणी झपाट्याने गेलं आहे, त्याच्यासाठी, आणि त्याच्यासाठी ते जीव वाचवणारं आहे. पाणी पिऊ शकणाऱ्याला ते मागू नये. तसंच जुलाब बांधणाऱ्या गोळ्यांचं. लोपेरामाइडसारखी औषधं लहान मुलांना कधीच देऊ नका, आतड्याची हालचाल थांबते आणि पोट फुगतं. प्रतिजैविकं पाणीदार जुलाबात बहुधा लागत नाहीत. शीमध्ये रक्त असेल किंवा कॉलऱ्याची शंका असेल, तर ती डॉक्टर ठरवतील.

आणि वयस्कर माणसं. मधुमेह असलेले आजोबा साखर म्हणून ओआरएस नाकारतात, रक्तदाबाच्या आजी मीठ म्हणून. २०० मिलिलिटरच्या ग्लासात ग्लुकोज पावणेतीन ग्रॅमच्या आत असतं आणि मीठ अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि जुलाबात त्याहून जास्त मीठ बाहेर पडत असतं. लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर जुलाबाच्या दिवसांत त्यातली कुठली थांबवायची ते त्याच दिवशी फोन करून डॉक्टरांना विचारा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती प्यायचं हेही विचारा.

लगेच दवाखाना कधी? मूल झापडलेलं, हलवूनही नीट जागं न होणारं. पिऊ न शकणारं. पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडल्यावर दोन सेकंदांहून जास्त वेळ वळी तशीच राहणारी. लहान बाळाची टाळू खोल गेलेली. सहा-आठ तास लघवी नाही. शीमध्ये रक्त. सतत उलट्या किंवा जोराचा ताप. दोन महिन्यांखालचं कोणतंही बाळ. यांपैकी एक जरी दिसलं तरी निघा, आणि वाटेत, मूल जागं असेल आणि गिळत असेल, तर चमच्याने पाजत राहा.

(दृश्य : चमच्यात पाणी, त्यात विरघळणारी गोळी.)

आता आशासेविकेने ओआरएसबरोबर दिलेली ती झिंकची, म्हणजे जस्ताची, गोळी. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला त्याच्या निम्मी, एकूण १४ दिवस. चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवायची. अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा द्यायची. झिंकने जुलाबाचे दिवस कमी होतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही घटते. पण शी घट्ट झाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोळ्यांची पट्टी फडताळात जाते आणि तिथेच राहते. म्हणून आशासेविका पुन्हा येते तेव्हा मुलाला बघते, आणि पट्टीही मागते. सहा महिन्यांवरच्या मुलाच्या पट्टीत, चौदा गोळ्यांपैकी, आठव्या दिवसाची गोळी दिल्यावर सहा उरलेल्या असायला हव्यात.