इंजिन बंद करा, तो वर येईल

श्रोतेहो, नमस्कार. आज जायचंय नॉर्वेला, आर्क्टिक वृत्ताच्याही तीनशे किलोमीटर उत्तरेला, आन्डेनेस या गावी. इथून बोट सुटते ती स्पर्म व्हेल, म्हणजे खोल बुडी मारणारा मोठा देवमासा, बघायला. किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्राचा तळ एकदम हजार मीटर आणि त्याहूनही खाली उतरतो. ब्लाइकची घळई म्हणतात तिला. या खोल पाण्यात माकूल, म्हणजे स्क्विड, भरपूर, म्हणून व्हेल इथे येतात. येतात ते नरच, पंधरा-सोळा मीटर लांबीचे. माद्या आणि पिल्लं दक्षिणेच्या उबदार पाण्यात राहतात.

कपड्यांचं फार सांगत नाही. लोकरीचे थर घाला, वरून वारा अडवणारा जाड सूट. पण बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी निघण्याआधी तासभर घ्या. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही. तासभर आधी, लक्षात ठेवा.

घळईवर पोचलं की कप्तान इंजिन बंद करतो आणि पाण्यात हायड्रोफोन सोडतो, म्हणजे पाण्याखाली ऐकणारा मायक्रोफोन. टक्, टक्, टक्... सेकंदाला एक-दोन ठोके. या ठोक्यांच्या प्रतिध्वनीवरून व्हेल अंधारात माकूल शोधतो. भक्ष्य जवळ आलं की ठोके इतके भरभर पडतात की दार करकरल्यासारखं ऐकू येतं. आवाज ज्या दिशेला मोठा, तिकडे बोट थोडी सरकते आणि पुन्हा इंजिन बंद. मग थांबायचं. अर्धा तास, कधी पाऊण तास.

तेवढ्या वेळात खाली काय चाललेलं असतं? त्यासाठी १९३२ सालची एक हकीकत सांगायलाच हवी. पनामा कालव्याच्या तोंडाशी असलेल्या बाल्बोआपासून इक्वेडोरमधल्या एस्मेराल्दासपर्यंत समुद्रतळावरून तारायंत्राची केबल टाकलेली होती. तिच्या दुरुस्तीला ‘ऑल अमेरिका’ नावाचं जहाज गेलं. त्या काळी अशी दुरुस्ती कशी चाले बघा. किनाऱ्यावरून केबलमध्ये वीज सोडून बिघाड साधारण किती अंतरावर आहे ते मोजायचं, जहाज तिथे न्यायचं, लांब दोराला लोखंडी आकडे बांधून ते तळावरून ओढत राहायचं. आकड्यात केबल अडकली, की हळूहळू वर खेचायची. त्या दिवशी केबल वर आली आणि तिच्याबरोबर आला एक मेलेला स्पर्म व्हेल, जवळजवळ चौदा मीटर लांबीचा नर. केबलचे वेढे त्याच्या खालच्या जबड्याला बसलेले, शेपटीलाही बसलेले. आणि तिथली खोली होती सुमारे ११३५ मीटर! केबल काही वर तरंगत येत नाही, श्रोतेहो. तोच जिवंतपणी तिथवर उतरला होता. एक किलोमीटरहून खोल, एका श्वासावर.

पुढे १९५७ मध्ये ब्रूस हीझन या भूशास्त्रज्ञाने अशा घटना एकत्र मांडल्या. अडकलेले बहुतेक स्पर्म व्हेलच होते आणि घटना बऱ्याचदा जुन्या दुरुस्तीच्या जागी घडलेल्या, कारण तिथे जोडलेली केबल सैल राहून तिचे फास पडत. व्हेल जबडा तळाशी नेऊन भक्ष्य शोधत असावा, असा त्याचा तर्क. नंतर केबलची बनावट आणि टाकण्याची पद्धत सुधारली. त्याच १९५७ मध्ये वर्दिंग्टन आणि शेव्हिल या संशोधकांनी स्पर्म व्हेलच्या ठोक्यांची नोंद प्रसिद्ध केली. लाकडी जहाजांवरच्या खलाशांना हे ठोके तळाच्या फळ्यांतून ऐकू येत. ते त्याला सुतारमासाच म्हणत.

थांबण्यावरून सांगतो. आपल्या दापोलीला, तारकर्लीला डॉल्फिन दिसले की चार-पाच बोटी इंजिन घुमवत मागे धावतात. ते ताबडतोब बंद व्हायला हवं. डॉल्फिन बुडी मारून निघून जातो, पर्यटकाला दिसते फक्त पाठ. आणि वर्तमानपत्रांत ‘व्हेलची उलटी’ म्हणून ज्याच्या तस्करीच्या बातम्या येतात, तो अंबरग्रीस याच व्हेलच्या आतड्यात, माकुलाच्या न पचलेल्या चोचींभोवती तयार होतो. आपल्याकडे त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे.

असो. ठोके थांबले की सावध व्हा. ठोके थांबले म्हणजे तो वर निघाला. काही मिनिटांत फवारा दिसेल. या व्हेलचं नाक डोक्याच्या पुढच्या टोकाला डावीकडे असतं, त्यामुळे फवारा सरळ न उडता पुढे डावीकडे तिरका जातो. तिरका फवारा, म्हणजे स्पर्म व्हेल. आता बोट मागून किंवा बाजूने, अगदी सावकाश न्यायची. समोरून कधीच नाही. वाट अडवली तर तो दम पुरता न घेताच बुडतो. एरवी आठ-दहा मिनिटं तो तसाच पडून श्वास घेत राहतो. मग पाठीची कमान होते. कॅमेरा तेव्हाच डोळ्याला लावा, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवा आणि शेपूट पूर्ण उभी झाल्यावर तिच्या मागच्या कडेचा फोटो घ्या. त्या कडेवरच्या खाचा प्रत्येक व्हेलच्या वेगळ्या असतात. फोटो स्पष्ट आला तर बोटीवरच्या वाटाड्याला जरूर द्या, तो जुन्या फोटोंशी ताडून हा कोणता नर ते सांगू शकतो.