पोदुम म्हणजे पुरे

(गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेलं भाषण, थोडं संपादित करून)

अध्यक्ष महाशय, फादर आणि मंडळी,

आज १६ जानेवारी. सांकवाळला आज श्रीलंकेत गेलेले आपले गोव्याचे पाद्री संत जोसेफ वाझ यांचं फेस्त, म्हणजे त्यांचा उत्सव. तुमच्यातले बरेच जण सकाळची मीस आटोपून तिथूनच इकडे आलेत, उन्हातून आलेत. म्हणून घोळ न घालता विषयाला हात घालतो.

येत्या मे महिन्यात आपल्या इगर्जेतली, म्हणजे चर्चमधली, काही मुलं श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत सेवेसाठी जाणार आहेत. पंधरा दिवस राहणार, शाळेची इमारत रंगवणार, मुलांना शिकवणार. फादरनी मला विचारलं, तुम्ही पूर्वी गेला होता, दोन शब्द सांगाल का? मी हो म्हटलं, कारण वीस वर्षांहून जास्त काळ एक गोष्ट मी घरात सोडून कुठेच सांगितलेली नाही. ती या मुलांनी निघण्याआधी ऐकली पाहिजे.

पण त्याआधी एक खुलासा. मी हिंदू. आमची कुलदेवता श्रीशांतादुर्गा. सोळाव्या शतकात केळशीचं देऊळ पाडलं गेलं आणि देवी नदी ओलांडून कवळ्याला आली, ती त्याच वाटेने आमचे पूर्वजही गेले. गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, होतं. त्यामुळे ‘मिशन’ हा शब्द कानावर पडला की आमच्या घरात आजही कोणीतरी मान वर करून बघतं. मी इगर्जेच्या लोकांबरोबर परदेशी निघालो तेव्हा माझ्या आईने एवढंच विचारलं, “तिकडे जाऊन लोकांना काय सांगणार आहात?” मी म्हटलं, “काही सांगायला नाही जात गे, विहिरी साफ करायला जातोय.” आणि खरंच, त्या गटाने तिथे कोणाला धर्माचा एक शब्द सांगितला नाही. हे मी साक्षीने सांगतो. आमच्या हातून जी चूक झाली ती धर्माची नव्हती. ती विहिरीची होती, आणि ती मुख्यतः माझी होती.

२६ डिसेंबर २००४. सुनामी. श्रीलंकेत तीस हजारांहून जास्त माणसं गेली. पूर्व किनारा सगळ्यांत वाईट झोडपला गेला. तिथे बट्टिकलोआ नावाचं शहर आहे, तमिळमध्ये त्याला मट्टक्कळप्पू म्हणतात. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण, म्हणजे समुद्राला जोडलेलं उथळ सरोवर, आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर कोळ्यांची गावं. समुद्र एका बाजूने आत शिरला तो दुसऱ्या बाजूने खाजणात उतरला. मध्ये काही शिल्लक ठेवलं नाही.

मी तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कामातून नुकता निवृत्त झालो होतो. इगर्जेतल्या मंडळींनी वर्गणी काढली, बारा जणांचा गट केला, त्यांना पंप आणि विहिरी कळणारा माणूस हवा होता. फेब्रुवारीत आम्ही चेन्नईमार्गे कोलंबोला उतरलो आणि तिथून दिवसभराच्या प्रवासाने बट्टिकलोआला पोचलो. बरोबर दोन इंची डिझेल पंप, पाइप, ब्लीचिंग पावडरच्या पिशव्या.

आता विहिरीबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. आपल्याकडची विहीर, म्हणजे आपली बांय, चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात, खोदलेली असते. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेलं की आपण पंप लावून ती कोरडी करतो, गाळ काढतो, भिंती घासतो, आणि झऱ्याचं स्वच्छ पाणी पुन्हा भरायला लागतं. जितकी जास्त उपसाल तितकी विहीर चांगली. माझ्या आज्याने मला हेच शिकवलं, आणि मी नोकरीत तीसेक वर्षं हेच बघितलं. चिऱ्याला हे चालतं.

वाळूच्या पट्टीवर हे चालत नाही. तिथे जमिनीखाली सगळीकडे समुद्राचंच खारं पाणी असतं. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि त्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असू शकतं. हिशेब उलटाही लागतो. वरचं एक फूट पाणी उपसून टाकलंत, तर खालचं खारं पाणी तितक्याच पटीने वर सरकायला बघतं. म्हणून तिथल्या विहिरी उथळ असतात, लोक दोराने पोहरा सोडून थोडं थोडं पाणी काढतात, आणि त्यांना पिढ्यान्‌पिढ्या गोडं पाणी मिळतं. आपल्या कोलवा-बाणावलीच्या किनाऱ्यावरच्या जुन्या विहिरींचंही हेच शास्त्र आहे. तिथे दिवसरात्र मोटर चालवणाऱ्यांनीही ते समजून घ्यायला हवं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

सुनामीने त्या विहिरींत खारं पाणी, चिखल, लाकडं, कपडे, नको नको ते सगळं भरलं होतं. एकदा सावकाश उपसून घाण काढणं गरजेचं होतं, यात शंका नाही. पण त्यानंतर त्या विहिरीला हात न लावता पावसाची वाट बघायची असते. तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत येतो. तो पाऊसच वाळूतलं मीठ धुऊन खाली ढकलतो. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, मीठ जात नाही.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला चिऱ्याची बांय माहीत होती.

एका गावात एका म्हाताऱ्या कोळ्याच्या अंगणात काँक्रीटच्या कड्यांची विहीर होती. घर गेलं होतं, विहीर आणि दोन माड उरले होते. आम्ही पंप लावला. अडीच-तीन तासांत तळ दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर पाणी भरलेलं, चाखलं तर खारट. पुन्हा पंप लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आजोबा रोज कठड्यापाशी येऊन उभे राहायचे. ओंजळीत पाणी घ्यायचे, जिभेला लावायचे, माझ्यापुढे हात धरायचे आणि म्हणायचे, “उप्पु. उप्पु.” उप्पु म्हणजे मीठ, एवढं मला कळलं होतं. मला वाटलं, म्हातारा सांगतोय की अजून खारट आहे, अजून काढा. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचो, मान डोलवायचो, आणि पंप चालू करायचो. ते आणखी एक शब्द म्हणायचे, “पोदुम, पोदुम.” हात असा पुढे करून, पंजा उघडा. मला वाटलं, आभार मानतायत.

चौथ्या दिवशी विहिरीची खालची कडी सरकली. बाजूची वाळू आत आली आणि कठडा एका अंगावर कलला. आम्ही पंप बंद केला तेव्हा आमचा ड्रायव्हर, तमिळच होता, कोलंबोहून आलेला, तो चहा प्यायला गेला होता तिथून परतला. आजोबा त्याच्याशी बराच वेळ बोलले. न ओरडता. मग ड्रायव्हरने मला सांगितलं, “ते म्हणतात, पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी मीठ जास्त झालं, दुसऱ्यापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त. ते तुम्हाला रोज सांगत होते, पुरे.” पोदुम म्हणजे पुरे.

मग त्यांनी आम्हाला कठड्याच्या आतल्या बाजूच्या खुणा दाखवल्या. कोळशाच्या उभ्या रेघा. आम्ही तिथे येण्याआधी आणखी दोन गट येऊन ती विहीर उपसून गेले होते. प्रत्येक गट चांगल्या मनाने आला, प्रत्येकाने पंप लावला, फोटो काढला, आणि पुढच्या गावाला गेला. म्हाताऱ्याने प्रत्येक उपशाची रेघ मारून ठेवली होती. आमच्या रेघा चार. मी त्या बोटाने मोजल्या. अजून मोजतो.

पुढे कळलं की त्या किनाऱ्यावर हे अनेक ठिकाणी झालं. विहिरी पुन्हा पुन्हा उपसल्याने खारट झाल्या, काही ढासळल्या. मदत कमी पडली म्हणून नाही, मदतीने कोणाचं ऐकलं नाही म्हणून.

आता त्याच गटातली दुसरी गोष्ट. आमच्याबरोबर एक रापणकार काका होते, साष्टीचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, विमानात पहिल्यांदाच बसले होते. खरं तर त्यांना घ्यावं की नाही यावर आमच्यात चर्चा झाली होती, याची मला आज लाज वाटते. पहिल्या संध्याकाळी ते किनाऱ्यावर गेले आणि तिथे पडलेलं एक फाटकं जाळं त्यांनी ओळखलं. आपली रापण, तिकडे तिला करैवलै म्हणतात. किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायचं मोठं जाळं. तीच जात. चार कोळी ते जाळं दुरुस्त करत बसले होते. काका त्यांच्या शेजारी जाऊन बसले. काही विचारलं नाही. त्यांच्यातल्या एकाने जाळं विणायची लाकडी सुई पुढे केली. काकांनी एक गाठ मारली. त्या माणसाने मान हलवली, ती गाठ सोडली, आणि आपल्या पद्धतीची गाठ मारून दाखवली. आपली गाठ थोडी वेगळी असते. काकांनी त्यांची गाठ शिकून घेतली. सगळे दिवस ते तिथेच बसले, त्यांच्या हाताखाली. आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी ते जाळं पाण्यात गेलं. मासळी फार नव्हती. पण त्या सबंध गटात कामाला लागलेली वस्तू मागे ठेवून आलेला तो एकच माणूस.

म्हणून मला आजच्या दिवशी वाझांचं नाव घ्यावंसं वाटतं. तुम्ही त्यांना संत म्हणून पुजता. मी त्यांच्याकडे परदेशी जाऊन काम करणारा गोंयकार म्हणून बघतो. १६५१ मध्ये बाणावलीला आजोळी जन्म, वडिलांचं गाव सांकवाळ. १६५८ मध्ये श्रीलंकेच्या उत्तरेचं जाफना पोर्तुगीजांच्या हातून डचांकडे गेलं आणि कॅथलिक पाद्रींना तिथे बंदी झाली. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेषात तिकडे उतरले. पाद्रीचा झगा नाही, बरोबर फौज नाही, पोर्तुगालच्या राजाचा हुकूम नाही. गळ्यात रोझरी, ती बघून कोणी ओळख देतो का याची वाट बघत दारोदार हिंडले. पोचताच आजारी पडले, आणि आधी त्यांनाच तिथल्या लोकांनी जगवलं. सेवा करायला गेलेल्या माणसाने सेवा घेऊन सुरुवात केली. तमिळ शिकले. पुढे कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून कैदेत टाकलं, तर कैदेत सिंहली शिकले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्या माणसांना सोडून पळाले, तेव्हा हे आजाऱ्यांपाशी राहिले, मेलेल्यांना पुरलं. बौद्ध राजाने त्यानंतर त्यांना मोकळीक दिली. १७११ मध्ये आजच्याच तारखेला कँडीत गेले. चोवीस वर्षांत एकदाही गोव्याला परतले नाहीत. त्यांच्यामागून गेलेले दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस यांनी तर सिंहलीत आणि तमिळमध्ये इतकं लिहिलं की सिंहली साहित्याच्या इतिहासात त्यांचं नाव घेतलं जातं.

चोवीस वर्षं राहा, असं मी या मुलांना म्हणत नाही. त्यांची कॉलेजं आहेत. पण पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याला चार शब्द कानाने कळले पाहिजेत. पुरे. नको. थांबा. दुखतंय. अजून. आपल्याला यजमानांशी बोलायचे शब्द शिकवतात, वणक्कम आणि नन्री, नमस्कार आणि धन्यवाद. नकाराचे शब्द कोणी शिकवत नाही.

आणि शाळा रंगवण्याबद्दल एक. मळ्यांतली ही माणसं तमिळनाडूतून ब्रिटिशांनी आधी कॉफीच्या आणि मग चहाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांच्या वंशातली. अनेक कुटुंबं अजून त्या काळच्या चाळींत राहतात, एका कुटुंबाला एकदोन खोल्या. त्यांच्यात रंगारी नाहीत असं समजू नका. फादर, तिथल्या शाळेच्या बाईंना आजच पत्र लिहा आणि विचारा, गावातला रंगारी कोण आहे. त्याला मजुरी आपण देऊ, आणि आपली मुलं त्याच्या हाताखाली भिंती घासतील. भिंत कधी धुवायची, कुठला रंग तिथल्या दमट हवेत टिकतो, हे त्याला ठाऊक असणार. त्याने पुरे म्हटलं की ब्रश खाली ठेवायचा.

जानेवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला वाझांना संत म्हणून जाहीर केलं, तेव्हा मी इथल्या मंडळींबरोबर गेलो होतो. समारंभ झाल्यावर बस पकडून एकटाच बट्टिकलोआला गेलो. आजोबा नव्हते. त्यांच्या सुनेने मला ओळखलं नाही, आणि मी कोण हे मलाही सांगवलं नाही. विहीर होती, पण बुजवलेली. वरती काँक्रीटची चकती, आणि त्यावर माडाच्या झावळ्या वाळत टाकल्या होत्या. पन्नास पावलांवर शेजाऱ्यांची विहीर होती. तिथे त्या वर्षी कोणताच गट पोचला नव्हता. सुनेने त्या विहिरीचा पोहरा ओढून मला पाणी दिलं. गोड होतं. मी दोन तांबे प्यायलो. ती तिसरा भरायला लागली तेव्हा मी पंजा पुढे करून म्हटलं, “पोदुम.” ती हसली आणि थांबली.

तर मुलांनो, या रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत या. वास्कोला फुलं विकणाऱ्या एक तमिळ मावशी आहेत, त्यांना मी विनंती केली आहे, मे महिना येईपर्यंत त्या दर रविवारी येतील. त्यांना कोकणी छान येते. चहाचं मी बघतो. तुम्ही वही आणा, आणि त्या बोलतील तेव्हा मध्ये बोलू नका.