जमाबंदीवरचे शहर: कुशलपाल सिंग आणि गुरुग्राम

गुरुग्रामच्या सायबर सिटीत आज काचेच्या ज्या इमारती दिसतात, त्यांच्या जागी १९८० च्या सुमारास अरवलीच्या पायथ्याची शेते होती. ती एकेका घराकडून विकत घेऊन तेथे वसाहत उभारायचा ध्यास घेतलेले कुशलपाल सिंग बांधकाम व्यावसायिकाच्या घरात जन्मलेले नव्हते. हा व्यवसाय त्यांच्याकडे सासऱ्यांकडून आला.

सासरे चौधरी राघवेंद्र सिंग यांनी १९४६ मध्ये ‘डीएलएफ’ या बांधकाम कंपनीची स्थापना केली. फाळणीनंतर दिल्लीत निर्वासितांचे लोंढे आले आणि कृष्णनगर, मॉडेल टाऊन, राजौरी गार्डन, हौज खास, ग्रेटर कैलाश अशा एकूण २२ वसाहती या कंपनीने वसवल्या. मात्र १९५७ च्या दिल्ली विकास कायद्यानंतर शहराच्या विस्ताराचे काम सरकारी प्राधिकरणाकडे गेले, खासगी विकसकांना दिल्लीत वाव उरला नाही आणि कंपनी जवळजवळ थंडावली.

उत्तर प्रदेशातील खुर्जा येथे जन्मलेल्या कुशलपाल सिंगांनी मेरठमध्ये विज्ञानाची पदवी घेतली, विमान अभियांत्रिकीसाठी ते इंग्लंडला गेले आणि पुढे लष्करात डेक्कन हॉर्स या रिसाल्यात अधिकारी झाले. लष्कर सोडल्यावर १९६० मध्ये ते सासऱ्यांच्या उद्योगसमूहात विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत आले. १९७९ मध्ये ही कंपनी डीएलएफमध्ये विलीन झाली आणि सिंग व्यवस्थापकीय संचालक झाले.

दिल्लीत जागा नाही, तर हद्दीपलीकडे हरियाणात शोधावी, हा त्यांचा विचार होता. तेथे १९७५ च्या कायद्याने खासगी विकसकाला परवाना मिळू शकत होता, पण त्यासाठी आधी जमीन हाती असणे आवश्यक होते आणि कंपनीकडे पैसा नव्हता. आपल्याकडे सातबारा, तशी हरियाणात जमाबंदी. त्या कागदावर चार-पाच एकरांच्या तुकड्यालाही भाऊ, चुलते, पुतणे अशी अनेक नावे असत, आणि त्यातील एक जण अडून बसला तरी व्यवहार थांबे. सिंग स्वतः गावोगावी जाऊन खाटेवर बसत, कुटुंबांच्या लग्नकार्यात आणि अडीअडचणीत सामील होत. जमिनीचे पैसे शेतकऱ्याला मिळाले की तीच रक्कम व्याजाने पुन्हा कंपनीकडे ठेवण्याची विनंती ते करत, आणि त्या पैशातून पुढची जमीन घेत. अशा रीतीने सुमारे ३,५०० एकर जमीन जमा झाली. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत अवघड काम हेच होते, कारण शेतकऱ्याच्या विश्वासाखेरीज कंपनीपाशी दुसरे भांडवल नव्हते.

याच काळातील एक प्रसंग सिंग यांनी वारंवार सांगितला आहे. उन्हाळ्याच्या एका दुपारी रस्त्याकडेच्या विहिरीपाशी ते बसले असताना एक जीप थांबली आणि तापलेल्या इंजिनासाठी चालकाने पाणी मागितले. जीपमध्ये राजीव गांधी होते. येथे काय करता, असे त्यांनी विचारले, आणि शहरे वाढवताना खासगी विकसकाला कोणते कायदे आडवे येतात हे सिंगांनी त्यांना तिथेच समजावून सांगितले.

१९८९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च भारतात आले, तेव्हा सिंगांनी त्यांचे आतिथ्य केले. पुढे याच अमेरिकी कंपनीने गुरगावमध्ये (आजच्या गुरुग्राममध्ये) काम सुरू केले आणि तिच्यामागोमाग इतर परदेशी कंपन्या आल्या.

२००७ मध्ये डीएलएफने समभागविक्रीतून सुमारे ९,१८७ कोटी रुपये उभे केले. २००८ मध्ये ‘फोर्ब्स’ने सिंगांना जगातील श्रीमंतांच्या यादीत आठवे स्थान दिले. मुंबईत कंपनीने लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची १७ एकरांहून अधिक जमीन २००५ च्या लिलावात ७०२ कोटी रुपयांना घेतली होती. पुढे कर्जाचे ओझे हलके करण्यासाठी तीच जमीन २०१२ मध्ये लोढा समूहाला २,७२७ कोटींना विकावी लागली. गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांची घरे किती झाली, हा प्रश्न परळच्या चाळींमध्ये आजही जिवंत आहे.

आक्षेपही आले. गुरगावच्या एका प्रकल्पातील घरमालकांच्या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने २०११ मध्ये ६३० कोटींचा दंड ठोठावला. माहिती दडवल्याचा ठपका ठेवून २०१४ मध्ये शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या ‘सेबी’ने कंपनीवर तीन वर्षांची बाजारबंदी घातली, अपील न्यायाधिकरणाने ती पुढच्याच वर्षी रद्द केली.

गुरगावमधील या वसाहतींना महापालिका मिळाली ती थेट २००८ मध्ये. तोपर्यंत हजारो कुटुंबे राहायला आली होती, आणि त्यांच्या पाण्याची, सांडपाण्याची आणि विजेची सोय बऱ्याच अंशी विकसक, टँकर आणि डिझेलच्या जनित्रांवर चालत होती.

जून २०२० मध्ये सिंगांनी अध्यक्षपद सोडले आणि पुत्र राजीव सिंग यांनी ते स्वीकारले.