साखर मोजतो, दाब मोजत नाही

जळगाव, धुळे आणि नंदुरबार परिसरातील श्रोतेहो, नमस्कार.

अमळनेर तालुक्यातील एक बापू माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय ६८ होते आणि मधुमेहाला पंधरा वर्षे झाली होती. चहा बिनसाखरेचा, आंब्याच्या दिवसांत रसाला हात नाही, साखरेची वही तर तलाठ्याच्या दप्तरासारखी नीटनेटकी. पण दंडाला पट्टा बांधला तेव्हा रक्तदाब १६८/९२ निघाला. बापू म्हणाले, "माले काहीच व्हत नही, डाक्टर." श्रोतेहो, रक्तदाबाचे हेच तर आहे, की बहुतेकांना काहीच होत नाही, आणि आत मूत्रपिंड झिजत राहते.

सोबत आलेल्या काकूंनी मग संकोचत सांगितले की बापूंच्या लघवीला वर्षभरापासून फेस येतो. तपासले, तर अल्ब्युमिन हे प्रथिन ३० च्या आत हवे, ते ४१० होते. क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारा आणि मूत्रपिंडाने गाळून टाकायचा पदार्थ, १.३ असल्याने अहवालावर 'नॉर्मल' छापलेले होते. परंतु वय वाढते तसे स्नायू कमी होतात आणि हा आकडा फसवा ठरतो. बापूंच्या वयाचा हिशेब धरला, तर मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग ६० च्या आसपास आला, म्हणजे तरुणपणीच्या जवळपास निम्मा.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. साखर त्यांना कमकुवत करते, वाढलेला दाब त्या फाडतो आणि चाळिशीनंतर वयही त्यांची संख्या घटवत जाते. गेलेली गाळणी परत येत नाही. ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्येच दाखवले होते की मधुमेहात दाब काटेकोर ठेवल्यास डोळे आणि मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे ३७ टक्क्यांनी घटतात. म्हणून पुन्हा सांगतो: साखरेबरोबर दाब मोजा, आणि वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन तपासा. बहुतेक मधुमेहींचा दाब १३०/८० च्या खाली हवा.

शहरातून गावी येणाऱ्या मुलांनी मिठाईच्या खोक्याऐवजी दाब मोजण्याचे यंत्र आणावे, असे माझे ठाम मत आहे. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून परस्पर घेतलेल्या गोळ्यांविषयीही मला राग आहे, कारण बापू त्या रोज घेत होते आणि त्यांनी मूत्रपिंडावर भार पडतो.

त्या गोळ्या बंद केल्या, लोसार्टन हे दाबाचे औषध सुरू केले आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन पुन्हा पाहिले. मीठ मात्र काकूंच्या हाती होते. जेवणात रोज ठेचा, लोणचे आणि उडदाचा पापड असे, आणि उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्यांची वाळवण. दीड वर्षानंतर अल्ब्युमिन १५० वर आले, दाब १२८ झाला. त्या वर्षी काकूंनी बापूंचे बिबडे कमी मिठाचे वेगळे केले आणि ओळखू यावेत म्हणून त्यांच्या डब्याला लाल दोरा बांधला.