गाठ कुठं बसली बघा

राम राम मंडळी. मी जळालेल्या पाण्याच्या मोटारींची तार परत भरायचं काम करतो, त्यामुळं बोलणं जरा दुकानावरच्यासारखंच येईल, सांभाळून घ्या.

खांबावरनं शेतातल्या आखाड्यावर येते ती सर्व्हिस वायर अ‍ॅल्युमिनियमची, बोअरमधली केबल तांब्याची, अन् आपण काय करतो, दोन्ही पक्कडीनं पिळायच्या, वर काळी टेप गुंडाळायची, झालं काम. उन्हाळाभर काहीच होत नाही. मिरग लागला की टेपखाली ओल जाते (टेप म्हणजे काय रेनकोट आहे का) अन् तिथं बारका सेलच तयार होतो, टॉर्चमधल्यासारखा. तांबं आपलं मजेत राहतं, झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. गाठ सोडली की हाताला पांढरी भुकटी लागते ना, ती हीच. ती करंट जाऊ देत नाही म्हणून गाठ तापते, त्यात मोटार चालू होताना 5-6 पट करंट ओढते, अन् तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं, निवलं की ढिलं पडतं, असं दिवसातून चार वेळा झाल्यावर काय राहणार. मागं एक स्टार्टरची पेटी आली दुकानावर, टेपचा कोळसा झालेला, आतली तार नुसती पिठासारखी गळाली. मालक मात्र लाईटीलाच शिव्या घालत होता.

बायमेटल लग मिळतो, म्हणजे तारा जोडायचा तुकडा, एका बाजूनं अ‍ॅल्युमिनियम, एका बाजूनं तांबं, तो दाबून बसवा. अन् आधी फ्यूज काढा बाबांनो.

पितळी व्हॉल्व्हला लोखंडी बोल्ट लावला तरी हेच, बोल्ट जातो, अन् आपल्याकडच्या खाऱ्या पाण्यात तर लवकरच जातो.

आता जालन्याकडच्या मोसंबीवाल्यांचं. बोर्डो, म्हणजे बुरशीवर फवारायचं औषध, करताना मोरचूद (कॉपर सल्फेट) लोखंडी बादलीत भिजवू नका. बादलीचं लोखंड पाण्यात उतरतं अन् मोरचुदातलं तांबं बादलीला जाऊन बसतं, म्हणजे औषध आणलं झाडाला अन् लागलं बादलीला! प्लास्टिकचा ड्रम घ्या. मजा अशी की मिश्रण तपासायलाही हाच गुण कामाला येतो. 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, दोन्ही वेगळं भिजवून एकत्र केलं की घासून चकचकीत केलेला विळा त्यात बुडवायचा, थोड्या वेळानं वर काढायचा. पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय, अजून चुन्याची निवळी घाला अन् परत बुडवा. पातं कोरं निघालं की मगच पंप भरा.